नवा गडी, जुनंच राज्य

(सदर : तारेवरची कसरत)



गेल्या अंकातला पासवर्डांवरचा लेख वाचून एका वाचकभगिनींनी आवर्जून पत्र पाठवलं. चार ओळी कौतुकाच्या आणि खाली एक प्रश्न. "आमचे हेसुद्धा तुमच्यासारखंच नेटवर्कचं काहीतरी करतात. रात्री दोन वाजता बेसमेंटमध्ये बसून फोनवर कोणाला तरी 'आता दिवा हिरवा झाला का? बरं, आता?' असं विचारत असतात. तुम्ही लोक नक्की करता तरी काय?"

प्रश्न रास्त आहे. आमच्या घरीही तो अधूनमधून निघतो, आणि सौ.चा सूर पत्रातल्या सुरापेक्षा थोडा वरचा असतो. म्हणून या वेळी ठरवलं, की एकदाचं सविस्तर सांगून टाकावं. दिवा हिरवा होण्याची वाट का बघायची, आणि ती वाट बघताना छातीत धडधड का होते, हे एका खऱ्या प्रसंगातूनच सांगतो.

२०२४ सालची संक्रांत. आदल्या शुक्रवारी संध्याकाळी मंडळाच्या नाटुकल्याची तालीम एका मित्राच्या बेसमेंटमध्ये चालली होती. माझं काम होतं सासऱ्याचं, तीन वाक्यांचं. दुसरं वाक्य म्हणायला तोंड उघडलं आणि खिशातला फोन थरथरला. नेब्रास्कातल्या एका छोट्या गावातलं हॉस्पिटल. अमेरिकेत खेड्यापाड्यांसाठी सरकारमान्य छोट्या हॉस्पिटलांचा एक प्रकार आहे, जास्तीत जास्त २५ खाटांचा. हे त्यातलंच. जवळचं दुसरं हॉस्पिटल गाडीनं तासाच्या रस्त्यावर, तेही रस्ता मोकळा असला तर. त्या आठवड्यात तिकडे बर्फ आणि कडाक्याची थंडी होती.

फोनवर रात्रपाळीच्या मुख्य नर्सबाई. आवाज शांत, पण घाईचा. पूर्वेकडच्या भागातले फोन बंद, वायरलेस बंद, प्रयोगशाळेतलं रक्त तपासायचं यंत्र निकाल पाठवत नाही. "आम्ही निकाल कागदावर लिहून हातानं नेतोय," त्या म्हणाल्या. सासऱ्याची भूमिका तिथंच दुसऱ्याच्या गळ्यात घालून मी गाडी काढली.

आता कथानायकाची ओळख करून देतो.

स्विच म्हणजे ऑफिसच्या किंवा हॉस्पिटलच्या कपाटात लटकणारा एक चपटा डबा. त्याला ओळीनं २४ किंवा ४८ भोकं, आणि प्रत्येक भोकात एक वायर. कोणाची वायर कॉम्प्युटरला, कोणाची फोनला, कोणाची प्रिंटरला. पूर्वी या जागी हब नावाचं यंत्र असायचं. ते म्हणजे चाळीतला गॅलरीतून हाका मारणारा पोऱ्या. एकाचा निरोप आला की तो सगळ्या मजल्यांना ऐकू जायचा, आणि दोघं एकदम ओरडले तर कोणालाच काही कळायचं नाही. स्विच म्हणजे पोस्टमन. कोणत्या दारामागे कोण राहतं ते तो लक्षात ठेवतो आणि पत्र नेमकं त्याच दारात टाकतो.

यातली गंमत अशी, की १९९० साली जो पहिला इथरनेट स्विच बाजारात आला, त्याला सात भोकं होती, आणि तो काढणाऱ्या कॅलिफोर्नियातल्या कंपनीचं नाव होतं चक्क 'कल्पना'. विनोद भारद्वाज आणि लॅरी ब्लेअर या दोघांनी ती काढली. कल्पना हे भारद्वाजांच्या पत्नीचं नाव. १९९४ साली ती कंपनी सिस्कोनं विकत घेतली. पुढच्या वेळी कोणी विचारलं, की इंटरनेटच्या धंद्यात आपल्या लोकांनी काय केलं, तर ही एक कल्पना हाताशी ठेवा.

आमच्या हॉस्पिटलात असे तीन स्विच एकावर एक बसवलेले होते. इंग्रजीत त्याला स्टॅक म्हणतात. आपली उतरंडच म्हणा ना! फरक एवढाच, की उतरंडीतलं खालचं मडकं फुटलं की वरची सगळी कोसळतात, इथं तसं होत नाही. तिघं एकमेकांचे हात धरून फेर धरतात, भोंडल्यासारखा. पहिल्याचा हात दुसऱ्याच्या हातात, दुसऱ्याचा तिसऱ्याच्या आणि तिसऱ्याचा पुन्हा पहिल्याच्या. त्यातला एक म्होरक्या. सगळे हुकूम त्याच्याकडे, बाकीचे त्याचं ऐकणार. बाहेरून बघणाऱ्याला तीन डबे मिळून एकच मोठा स्विच दिसतो.

घरी येऊन बघतो तर मधला, म्हणजे दोन नंबरचा, मेला होता. एक आणि तीन धडधाकट. फेर तुटला होता तरी एक आणि तीन यांच्यातला हात शाबूत होता, म्हणून निम्म्याहून जास्त हॉस्पिटल चालू होतं. पण तो हात आता एकच उरला होता. ती एक वायर चुकून निघाली, की दोघं जण आपापल्यापुरते म्होरके होणार आणि एकाच पत्त्यावर दोन घरमालक, अशी अवस्था. हे सगळ्यात आधी मनात लिहून ठेवलं.

दुसरी अडचण माणसाची. हॉस्पिटलचा एकुलता एक कॉम्प्युटरवाला सुट्टीवर, बर्फामुळे दुसऱ्या गावात अडकलेला. हाताशी कोण, तर मेंटेनन्स बघणारे एक गृहस्थ. वय साठीच्या पुढचं. बॉयलर, नळ, दरवाजाच्या बिजागऱ्या, सगळं त्यांच्याकडे. त्यांचं खरं नाव इथं देत नाही, या लेखापुरतं आपण त्यांना मिस्त्री म्हणू. मिस्त्रींनी फोन घेतला आणि पहिलंच वाक्य टाकलं, "हे बघा, मला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही. पण सांगाल ते करीन, आणि न सांगाल ते करणार नाही."

मंडळी, दुरून काम करणाऱ्याला याहून चांगला माणूस मिळत नाही.

त्या रात्री एवढंच केलं. मेलेल्या स्विचमधल्या वायरींपैकी अगदी निकडीच्या पाच वायरी, म्हणजे प्रयोगशाळेतली यंत्रं आणि नर्सेसच्या टेबलावरचे फोन, एक आणि तीन नंबरच्या रिकाम्या भोकांत हलवल्या. मी इथून ती भोकं त्या कामाला लावून दिली. बाकीच्यांना जागाच नव्हती. वायरलेस आणि खोल्यांमधले फोन बंदच राहिले. नर्सबाई पायीच फिरत राहिल्या. नवा स्विच दुरुस्तीच्या करारानुसार दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता, तो बर्फामुळे दुपारी तीनला आला.

आणि इथून खरी कथा सुरू होते.

तुम्ही म्हणाल, जुना काढायचा, नवा लावायचा, त्यात काय? बल्ब बदलण्यासारखंच! बल्बला सॉफ्टवेअर नसतं, स्विचला असतं. आणि स्टॅकमध्ये सगळ्यांची आवृत्ती एकच असावी लागते. नवा डबा कारखान्यातून येताना कोणती आवृत्ती घेऊन येईल, ते आपल्या हातात नसतं. वेगळी आवृत्ती घेऊन तो फेरात शिरला, तर म्होरक्या त्याला ओळखतो, पण कामाला लावत नाही. 'आवृत्ती जुळत नाही' असा शेरा मारून कोपऱ्यात उभा करतो. डब्यावरचे दिवे लागतात, वायरी लावलेल्या असतात, आणि तरी एकही फोन वाजत नाही. समोर उभ्या असलेल्या माणसाला वाटतं, नवा डबाही बिघडलेलाच पाठवला!

काही स्टॅकमध्ये एक सोय असते. म्होरक्या आपलं सॉफ्टवेअर नव्याला आपणहून देतो, नवा ते चढवून पुन्हा सुरू होतो आणि फेरात येतो. सोय छान आहे, पण तिला अटी आहेत. ती आधीपासून चालू करून ठेवलेली असली पाहिजे. कित्येक ठिकाणी ती नसते, आणि हे समजतं ते नेमकं अडचणीच्या दिवशी. म्होरक्यावर सॉफ्टवेअर ज्या पद्धतीनं बसवलेलं आहे, ती पद्धतही सोयीची हवी. एकच मोठं गाठोडं करून ठेवलं असेल तर ही सोय चालत नाही, सोडून नीट लावून ठेवलं असेल तरच चालते. काही जातींत परवान्याचा दर्जाही एकच लागतो. म्हणून मी या सोयीवर भरवसा टाकत नाही. मिळाली तर देवाची कृपा.

मिस्त्रींना सांगितलं, "नवा डबा कपाटात लावू नका. टेबलावर ठेवा आणि एकट्यालाच वीज द्या." कपाटाच्या खणात आम्ही अशाच दिवसासाठी एक जुना लॅपटॉप, एक निळी चपटी वायर आणि एक कोरा पेनड्राईव्ह ठेवलेला असतो. ती निळी वायर स्विचच्या कानात एका टोकानं, लॅपटॉपला दुसऱ्या टोकानं. लॅपटॉप मिस्त्रींच्या मोबाइलवरून इंटरनेटला. आता लॅपटॉपचा पडदा मला न्यू जर्सीत दिसायला लागला. स्विच उठला आणि त्यानं आपली जन्मपत्रिका पडद्यावर ओतली. आवृत्ती बघितली. आमच्या दोघांपेक्षा दोन पायऱ्या पुढची!

इथं मोह होतो. नवी आवृत्ती म्हणजे चांगली, मग सगळ्यांनाच नवी चढवू या की! आमच्या ऑफिसातला एक तरुण सहकारी फोनवर होता, त्यानं हेच सुचवलं. त्याचं चुकलं असं नाही, पण वेळ चुकली. दोन चालत्या स्विचना नवी आवृत्ती द्यायची, म्हणजे ते दोन्ही बंद करून पुन्हा सुरू करायचे. तेवढा वेळ सगळं हॉस्पिटल आंधळं आणि बहिरं. शिवाय नव्या आवृत्तीत त्या प्रयोगशाळेच्या यंत्राचं जमेल की नाही, हे कोणी तपासलेलं नाही. म्हणजे आज अर्धं बंद आहे, ते उद्या सगळंच बंद होण्याची सोय. ज्या दिवशी काही मोडलेलं आहे, त्या दिवशी चालतं आहे त्याला हात लावायचा नाही. सुधारणा करायची तर ती वेगळ्या दिवशी, सगळ्यांना आधी सांगून, परतीचा रस्ता ठेवून.

आपल्याकडे म्हणतात, नवा गडी, नवं राज्य. स्विच बदलताना बरोबर उलटं. नवा गडी आणि जुनंच राज्य! कितीही पुढची आवृत्ती घेऊन येऊ दे, आज त्यानं आमच्या जुन्या आवृत्तीत यायचं.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. २००७ साली, एका ऑफिसात, मी स्वतः जागेवर उभा असताना, चालू असलेल्या स्टॅकला एक चालू असलेला नवा स्विच जोडला. दोन्हीकडे वीज, दोन्हीकडे आपापला म्होरक्या. हात जुळले आणि झाली निवडणूक! अशा निवडणुकीत जो हरतो, तो बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि जिंकणाऱ्याचे नियम डोक्यावर घेतो. जिंकला माझा नवा, कोरा स्विच. त्याच्याकडे नियमच नव्हते. शंभर-सव्वाशे माणसांचे फोन आणि कॉम्प्युटर एका दमात गेले. मी मागच्या रात्रीची नोंद कागदावर छापून ठेवली होती, म्हणून पाऊण तासात सावरलं. माझे तेव्हाचे साहेब काही बोलले नाहीत. नुसते खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले. ते न बोलणं अजून आठवतं.

तर नेब्रास्कात आमचा क्रम ठरला. चालू असलेल्या दोघांवर जी फाइल आहे, अगदी तीच आमच्या सर्व्हरवरून लॅपटॉपवर उतरवायची. साधारण अर्ध्या जीबीची. मोबाइलवरून तासभर लागला असता, म्हणून लॅपटॉपची एक वायर एक नंबरच्या चालू स्विचमध्ये लावून घेतली. मिस्त्रींनी मधेच खिशातून स्वतःचा पेनड्राईव्ह काढला, कंट्री म्युझिकच्या गाण्यांनी भरलेला. "हा चालेल का?" मी हात जोडले. बाहेरचा पेनड्राईव्ह हॉस्पिटलच्या यंत्रात कधीही खुपसायचा नाही, गाणी कितीही गोड असोत. खणातला कोरा काढला.

फाइल पेनड्राईव्हवर गेली, पेनड्राईव्ह स्विचमध्ये. पण चढवण्याआधी एक तपासणी. फाइल अर्धवट उतरली असेल, एखादा तुकडा वाटेत बिघडला असेल, तर? त्यासाठी फाइलच्या सगळ्या मजकुराचा हिशेब करून ३२ अक्षरांची एक खूण काढतात. वाण्याच्या यादीखालच्या बेरजेसारखी. बनवणाऱ्यानं दिलेली खूण आणि आपल्या डब्यानं काढलेली खूण अक्षर न् अक्षर जुळली पाहिजे. एक जरी अक्षर वेगळं आलं, तरी फाइल टाकून द्यायची. जुळली.

मग मिस्त्रींना बजावलं, "आता दिवे लुकलुकतील, थांबतील, डबा मेल्यासारखा वाटेल. काहीही झालं तरी वीज काढायची नाही." सॉफ्टवेअर लिहिलं जात असताना वीज गेली, तर काही वेळा डबा कायमचा जातो. आणि दुरून काम करताना सगळ्यात अवघड काम हेच असतं, गप्प बसणं. पडदा कोरा. पाच मिनिटं गेली. सात गेली. मिस्त्री मला त्यांच्या गाईंबद्दल सांगायला लागले. थंडीत गोठ्यातलं पाणी गोठू नये म्हणून रात्री दोनदा उठून बघावं लागतं म्हणे. माझे आजोबा कवठेमहांकाळकडे दुष्काळात रात्री विहिरीवर जायचे, ते मी त्यांना सांगितलं. अकराव्या मिनिटाला पडद्यावर पहिली ओळ उमटली. जुनी आवृत्ती! दोघांनी एकदमच श्वास सोडला.

पुढची कामं छोटी, पण विसरायची नाहीत अशी. नव्याच्या डोक्यात काही जुने नियम असतील तर पुसले. त्याला दोन हा नंबर दिला. म्होरक्यानं मेलेल्या दोन नंबरचे सगळे नियम जपून ठेवलेले असतात. कोणत्या भोकात फोन, कोणत्यात वायरलेस. त्याच जातीचा डबा त्याच नंबरानं आला, की ते नियम आपोआप त्याला मिळतात, एकेक भोक पुन्हा शिकवावं लागत नाही. आणि शेवटचं, त्याचा मान सगळ्यात खाली ठेवला. या जातीच्या स्विचांत प्रत्येकाला १ ते १५ असा मान देता येतो. चालू म्होरक्या नव्या माणसामुळे लगेच पायउतार होत नाही, पण उद्या वीज गेली आणि सगळे एकदम उठले, तर निवडणूक होते. तेव्हा नवख्यानं गादीवर बसू नये.

मग वीज काढली, आणि मिस्त्री कपाटाकडे वळले. आधी मेलेल्या डब्याचा फोटो काढायला लावला. मग प्रत्येक वायरीला कागदी चिकटपट्टी आणि भोकाचा नंबर. ३७ वायरी. मिस्त्रींचं अक्षर सुरेख. जुना डबा निघाला, नवा बसला. सगळ्या वायरी आपापल्या नंबरात. आता राहिले फेराचे दोन हात. पहिल्याकडचा आणि तिसऱ्याकडचा. मी म्हटलं, "एक आणि तीनला जोडणाऱ्या वायरीला धक्का लावायचा नाही हं." "दिसली," ते म्हणाले. "तिला लाल पट्टी गुंडाळून ठेवली आहे." हे मी सांगितलं नव्हतं!

आणि इतकं सगळं सुरळीत चाललेलं असताना, लॅपटॉपच्या कॅमेऱ्यातून मला दिसलं, की मिस्त्रींच्या डाव्या हातात फेराची वायर आहे आणि उजव्या हातात विजेची, आणि उजवा हात आधी निघाला आहे. साहजिकच होतं. आयुष्यभर त्यांनी यंत्र बसवलं की आधी वीज देऊन बघितलेलं. माझ्या डोळ्यांपुढे २००७ उभं राहिलं आणि तोंडातून शब्द गेले ते थेट मराठीत. "अहो, थांबा, थांबा!"

ते थांबले. हात जागच्या जागी. मग सावकाश विचारलं, "हे इंग्रजी नव्हतं, नाही का?"

"नव्हतं. पण तुम्हाला कळलं."

"कळणारच," ते म्हणाले. "माझी आई जर्मनमध्ये ओरडायची."

आधी हात जोडले, मग वीज दिली. नवा उठला, म्होरक्यानं त्याला न्याहाळलं, आवृत्ती बघितली, नंबर बघितला आणि आत घेतला. पडद्यावर तिघांच्या नावापुढे 'तयार' असा शेरा आला. मिस्त्री म्हणाले, "दिवा हिरवा झाला." आणि त्यांच्या मागून, बोळाच्या पलीकडून, एक फोन वाजल्याचा आवाज मला न्यू जर्सीत ऐकू आला. नर्सबाई येऊन कॅमेऱ्यात हात हलवून गेल्या. त्यांनी बूट बदलले होते. चालून चालून पाय सुजले होते म्हणाल्या.

तर भगिनी, आम्ही करतो ते हे.

इथं लेख संपवायला हरकत नव्हती. पण पुढच्याच महिन्यात एक गोष्ट झाली, तीही सांगतो, कारण ती आपल्यापैकी बहुतेकांच्या घरची आहे.

माझे वडील सांगलीला असतात. वय ७९. आई आणि ते, दोघंच. दर रविवारी आमचं व्हिडिओवर बोलणं होतं. एका रविवारी व्हिडिओ नाही, साधा फोन आला. "अरे, केबलवाला मुलगा आला होता. इंटरनेटचा डबा बिघडला म्हणून नवा लावून गेला. आता टीव्ही चालत नाही, टॅब चालत नाही, दाराचा कॅमेरा पण दिसत नाही. तो म्हणतो, डबा चांगला आहे."

एरवी या ठिकाणी काय होतं, ते तुम्हाला माहीत आहे. मी म्हणतो, "बाबा, सेटिंगमध्ये जा." ते म्हणतात, "कुठल्या?" मी म्हणतो, "अहो, सेटिंग म्हणजे सेटिंग!" आवाज चढतात. मागून आई म्हणते, "राहू दे हो, तो दमून आलाय." आणि फोन ठेवल्यावर दोन्हीकडे दिवसभर वाईट वाटत राहतं. नेब्रास्कातल्या परक्या माणसाशी मी चार तास गोड बोलू शकतो आणि जन्मदात्याशी चार मिनिटं नाही! त्या दिवशी ते डोक्यात आलं आणि मी खुर्चीत नीट बसलो. म्हटलं, "बाबा, घाई नाही. डब्यासमोर बसा आणि काय दिसतं ते मला सांगा. करायचं काहीच नाही, नुसतं सांगायचं."

त्यांनी सांगितलं. तीन हिरवे, एक केशरी. डब्याच्या तळाला चिकटवलेल्या कागदावरचं नाव आणि पासवर्ड एकेक अक्षर वाचून दाखवलं. आणि मग लक्षात आलं, की हे तर तेच! नव्या डब्यानं स्वतःचं नवं नाव आणि नवा पासवर्ड आणला होता. घरातली सगळी यंत्रं जुन्या नावाला हाका मारत बसली होती. इथंही दोन वाटा. टीव्ही, टॅब, कॅमेरा, सगळ्यांना एकेक करून नवं नाव शिकवायचं, किंवा नव्या डब्यालाच जुनं नाव आणि जुना पासवर्ड द्यायचा. नवा गडी, जुनंच राज्य! बाबांनी टॅब तात्पुरता नव्या नावाला जोडला, डब्याचं पान उघडलं, आणि मी सांगत गेलो तसं जुनं नाव आणि जुना पासवर्ड टाकला. नाव त्यांनीच पूर्वी ठेवलेलं, आईचं माहेरचं. पाच मिनिटांत टीव्ही लागला, कॅमेऱ्यात दार दिसलं. कोणाला हातही लावावा लागला नाही.

सगळं मिळून चाळीस मिनिटं लागली. व्हिडिओवर आल्यावर बाबा काही वेळ नुसतेच बघत होते. मग म्हणाले, "आज तू चिडला नाहीस."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. सासऱ्याच्या तीन वाक्यांतलं एकही कामाला आलं नाही.

असो. जाता जाता पुढच्या सुट्टीत भारतात जाल तेव्हा करून ठेवण्यासारख्या चार गोष्टी सांगतो. इंटरनेटच्या डब्याचा पुढून, मागून आणि तळाचा फोटो काढून ठेवा. प्रत्येक वायरीला चिकटपट्टी लावून मराठीत लिहा, 'टीव्ही', 'वीज', 'बाहेरून येणारी'. वायरलेसचं नाव, वायरलेसचा पासवर्ड आणि डब्याचं पान उघडायचा पासवर्ड, हे तिन्ही एका वहीत लिहून वही देवघराच्या फडताळात ठेवा. ती जागा कोणी विसरत नाही. आणि डबा बदलायला माणूस येईल तेव्हा त्याला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड घालून द्यायला सांगा, असं आईवडिलांना आधीच सांगून ठेवा.

पाचवी गोष्ट फोटोत किंवा वहीत मावणारी नाही. फोन आला की आधी विचारा, "तुमच्यासमोर आत्ता काय दिसतंय?" आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत गप्प बसा.

पत्र पाठवणाऱ्या भगिनींच्या 'ह्यां'ना माझा नमस्कार सांगा. रात्री दोन वाजता ते दिवा हिरवा झाला का विचारत असतील, तेव्हा एक कप चहा खाली नेऊन द्यायला हरकत नाही. आमच्याकडे ही सूचना विचाराधीन आहे.

पुढच्या अंकात भेटूच. कळावे, लोभ असावा.